स्वमग्न मूल आणि आपले गाव

पाठपरिचय

स्वमग्नता म्हणजे काय, हे आज अनेकांना ऐकून ठाऊक असते. परंतु असे मूल ज्या घरात वाढते, त्या घरी पैसा, वेळ आणि तज्ज्ञांची मदत या तिन्ही गोष्टी तुटपुंज्या असतील, तर त्या मुलाचे संगोपन कसे व्हावे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत वैचारिक लेखात या प्रश्नाची चर्चा केली आहे. मुलाची जबाबदारी आईवडिलांची, हे सर्वमान्य आहे; ती केवळ त्यांचीच आहे काय, याचा विचार हा लेख वाचताना करावा.

चेन्नई शहराच्या उत्तरेला, आंध्र प्रदेशाच्या सीमेजवळ, तिरुवल्लूर जिल्ह्यात गुम्मिडिपूंडी नावाचे गाव आहे. चेन्नईहून निघणाऱ्या अनेक उपनगरी गाड्या येथपर्यंत येतात आणि येथूनच माघारी फिरतात. गावालगत 'सिपकॉट'ची मोठी औद्योगिक वसाहत आहे. लोखंड-पोलादाच्या आणि इतर कारखान्यांत काम करण्यासाठी बिहार, ओडिशा यांसारख्या दूरच्या राज्यांतून मजूर येथे आले आहेत. श्रीलंकेतील यादवीमुळे परागंदा झालेल्या तमिळ निर्वासितांची एक छावणीही येथे आहे. तमिळ, तेलुगू, हिंदी, ओडिया अशा अनेक भाषा येथील रस्त्यांवर कानी पडतात. महाराष्ट्रातील एखादे औद्योगिक गाव डोळ्यांसमोर आणले, तर गुम्मिडिपूंडीचे चित्र फारसे निराळे दिसणार नाही. पाळीचा भोंगा, भाड्याच्या खोल्या, रोजच्या मजुरीवर चालणारे संसार आणि घरात एकटी राहणारी तरुण आई, हे सारे दोन्हीकडे सारखेच.

अशा गावातील एका खोलीच्या घरात तीन वर्षांचे एक मूल आहे, असे समजू. ते अंगाने निकोप आहे, धावते, उड्या मारते. पण हाक मारली तर मान वळवीत नाही. डब्याचे झाकण गरगर फिरवीत ते तासन् तास बसते. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कानांवर हात ठेवून किंचाळते. तहान लागली, तर आईचे मनगट धरून तिला माठापर्यंत ओढत नेते. पण 'पाणी' म्हणत नाही आणि बोटानेही दाखवीत नाही. घरातील वडीलधारे म्हणतात, "याचा बापही उशिराच बोलला होता." शेजारीण दृष्ट काढावयास सांगते. कोणी गंडा बांधते, कोणी आईलाच बोल लावते : तू याच्याशी बोलत नाहीस, याला दूरदर्शनसंचासमोर बसवतेस, म्हणूनच असे झाले. या सगळ्यांत वर्ष-दोन वर्षे निघून जातात. जी वर्षे मुलाच्या वाढीच्या दृष्टीने सर्वांत मोलाची, नेमकी तीच वाया जातात.

पुढे एखाद्या दिवशी कोणी जाणती व्यक्ती सांगते, की मोठ्या संस्थेत जाऊन तपासणी करून घ्या. बहुविकलांग व्यक्तींच्या सक्षमीकरणासाठी केंद्र शासनाने २००५ मध्ये स्थापन केलेली राष्ट्रीय संस्था चेन्नईजवळच मुट्टुकाडु येथे आहे. देशभरातून लोक तेथे येतात. म्हणजे नकाशावर पाहिले, तर हे कुटुंब भाग्यवानच म्हटले पाहिजे. परंतु मुट्टुकाडु शहराच्या दक्षिणेला आहे आणि गुम्मिडिपूंडी उत्तरेला. मधे सबंध चेन्नई पसरली आहे. आधी रेल्वे, मग बस, पुन्हा बस. गर्दी आणि भोंग्यांच्या आवाजाने बिथरलेले मूल कडेवर. सहप्रवाशांच्या रोखलेल्या नजरा. आणि बापाची एक दिवसाची मजुरी बुडालेली. असा प्रवास एकदा करता येतो, दोनदाही करता येतो. आठवड्यातून दोनदा, वर्षानुवर्षे करता येत नाही. साधनांचा तुटवडा म्हणजे संस्थांचा अभाव एवढेच नव्हे. संस्था असूनही तिच्यापर्यंत पोहोचता न येणे, हाही तुटवडाच होय.

या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी स्वमग्नता म्हणजे काय, हे नीट समजून घ्यावयास हवे. 'आत्म' या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून 'ऑटिझम' ही संज्ञा स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घडवली. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी आणि १९४४ मध्ये व्हिएन्ना येथे हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी अशा मुलांची स्वतंत्र वर्णने प्रसिद्ध केली. मराठीत या संज्ञेसाठी 'स्वमग्नता' हा शब्द रूढ झाला. शब्द सुंदर आहे, पण किंचित फसवाही आहे. कवी स्वमग्न असतो, चित्रकार स्वमग्न असतो. ती त्यांची निवड असते. या मुलाने तसे काही निवडलेले नसते. इतरांकडे त्याची पाठ असते, असेही नाही. चेहऱ्यावरचे भाव, आवाजातील चढउतार, बोटाचा इशारा यांतून माणसे एकमेकांना जे सहज सांगतात, ते त्याला सहज उमगत नाही. आवाज, उजेड, स्पर्श, चव त्याला कधी असह्य तीव्र, तर कधी अगदी फिकी जाणवतात. रोजचा क्रम मोडला की त्याच्या पायाखालची जमीन सरकते. स्वमग्नता हा रोग नव्हे. मेंदूच्या घडणीचाच तो एक वेगळा प्रकार आहे. काही स्वमग्न माणसे उच्च शिक्षण घेतात, स्वतंत्रपणे जगतात. काहींना जन्मभर आधार लागतो. दोन स्वमग्न मुले एकसारखी नसतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

विज्ञानानेही या बाबतीत एक मोठी चूक केली होती, हे येथे सांगितले पाहिजे. मुलावर माया न करणाऱ्या थंड स्वभावाच्या आईमुळे स्वमग्नता येते, असे मत पाश्चात्त्य देशांत दीर्घकाळ प्रचलित होते. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने त्याला मोठीच प्रतिष्ठा मिळवून दिली. या मताला आव्हान देणाऱ्यांत बर्नार्ड रिमलँड हे अग्रणी होते. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे, आईच्या वागण्यात नाही, हे त्यांनी १९६४ मध्येच मांडले होते. आज त्यांचेच म्हणणे खरे ठरले आहे. आनुवंशिकतेचा वाटा त्यात मोठा आहे. गोवराच्या लसीमुळे स्वमग्नता येते, असा दावा करणारा १९९८ मधील निबंधही पुढे सदोष ठरला आणि २०१० मध्ये तो मागे घेण्यात आला. पुस्तकांतून खोडल्या गेलेल्या या समजुती गल्लीबोळांतून मात्र अद्याप गेलेल्या नाहीत. विद्वानांनी आईची निर्दोष मुक्तता करून कित्येक दशके लोटली, तरी शेजारणीच्या न्यायालयात तिच्यावरचा खटला चालूच आहे.

आपल्या देशात अशी मुले किती असतील? पाच ठिकाणी घरोघर जाऊन केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दोन ते नऊ वर्षे वयाच्या सुमारे चार हजार मुलांची तपासणी झाली. त्या पाच ठिकाणांत उत्तर गोव्याचाही समावेश होता. या पाहणीनुसार स्वमग्नतेचे प्रमाण साधारणपणे शंभर मुलांमागे एक एवढे आढळले. याचा अर्थ असा, की पाचशे मुलांच्या शाळेत अशी चार-पाच मुले असावयास हवीत. ती दिसत नसतील, तर ती घरात आहेत, किंवा 'खोडकर', 'मठ्ठ', 'वेडसर' अशा नावांखाली मागच्या बाकावर बसली आहेत.

कायद्याने या मुलांची दखल उशिरा घेतली, पण घेतली. अपंग व्यक्तींसाठी १९९५ मध्ये झालेल्या कायद्यात सात प्रकारची विकलांगता नमूद होती. स्वमग्नता त्यांत नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने तिला प्रथम स्थान दिले. या न्यासाच्या 'निरामय' योजनेखाली एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आले आणि स्वमग्नता त्यांत स्वतंत्रपणे नोंदली गेली. तिची तीव्रता मोजण्यासाठी सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने भारतीय मापनश्रेणीही तयार केली. तिच्यात चाळीस बाबी आहेत आणि प्रमाणपत्र देताना तिचा उपयोग होतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी व्हावी, अशी तरतूद आहे. विकासातील विलंब ओळखणे हाही तिचा एक हेतू आहे. कागद पाहिला, तर उणीव फारशी दिसत नाही. परंतु कागद आणि कडेवरचे मूल यांच्यामध्ये अंतर आहे. ते कसे कापावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर गोव्यात शोधले गेले. 'संगाथ' ही १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेली संस्था मानसिक आरोग्य आणि बालविकास या क्षेत्रांत काम करते. डॉक्टर कमी आणि रुग्ण फार, अशा परिस्थितीत सामान्य शिक्षण घेतलेल्या स्थानिक व्यक्तींना शिकवून त्यांच्याकरवी सेवा पोहोचवावयाची, ही तिची पद्धत आहे. या संस्थेतील गौरी दिवाण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम गोव्यातील स्वमग्न मुलांच्या कुटुंबांशी सविस्तर संवाद केला आणि त्यांच्या अडचणी व गरजा समजून घेतल्या. त्यांचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. नातलगांनी अंतर राखणे, सार्वजनिक जागी होणारा पाणउतारा, पैशाची ओढाताण, नेमके काय करावे हे सांगणारे कोणी नसणे, अशा अनेक व्यथा त्यांत नोंदल्या आहेत.

ब्रिटनमध्ये स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी विकसित झालेली एक पद्धती या संशोधकांनी पुढे आपल्या परिस्थितीस अनुरूप अशी घडवली आणि गोवा व पाकिस्तानातील रावळपिंडी या दोन्ही ठिकाणी तिची चाचणी घेतली. दोन देशांच्या सीमेवर तणाव असताना दोन्हीकडच्या आया एकाच पद्धतीने आपल्या मुलांशी खेळावयास शिकत होत्या, ही गोष्ट सहज विसरता येण्यासारखी नाही. पद्धत साधी होती. आई मुलाशी काही मिनिटे खेळते. आरोग्यसेविका त्याचे चित्रण करते. मग दोघी मिळून ते पाहतात. मुलाने कोणत्या क्षणी आईकडे पाहिले, त्याला कशात रस होता, आईने कोठे घाई केली, कोठे ती थांबली आणि त्या थांबण्याने काय घडले, हे आई स्वतःच्या डोळ्यांनी पाहते. सहा महिन्यांत अशा बारा बैठका होतात. बैठका घेणारी व्यक्ती तज्ज्ञ नसते. तिला प्रशिक्षण दिलेले असते आणि तिच्या कामावर तज्ज्ञांची देखरेख असते.

या चाचणीत दोन ते नऊ वर्षांची पासष्ट मुले होती. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकायट्री' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आयांचा प्रतिसाद मुलाच्या कलाने जाणारा झाला आणि मुलांनी आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले, हे त्यांतून स्पष्ट झाले. तज्ज्ञ नसलेली, पण शिकवून तयार केलेली व्यक्ती घरापर्यंत जाऊन काम करू शकते, ही गोष्ट सिद्ध झाली. त्याच वेळी दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर एकत्र खिळून राहण्याचा वेळ मात्र वाढण्याऐवजी घटला आणि तेवढ्या अवधीत भाषेत विशेष फरक आढळला नाही, हेही संशोधकांनी प्रामाणिकपणे नमूद केले. सहा महिन्यांत चमत्कार होत नसतो. परंतु जे मूल कधी हाक मारत नव्हते, ते आईची ओढणी ओढून तिच्याकडे पाहू लागले, तर त्या घरात ती लहान गोष्ट नसते.

घरी करावयाच्या या गोष्टी खर्चिक नाहीत. मूल झाकण फिरवीत असेल, तर ते हिसकावून घेऊ नये. आपणही दुसरे झाकण घेऊन त्याच्यासमोर बसावे आणि फिरवावे. मूल वर पाहील, तो क्षण टिपावा. 'गोल गोल' एवढेच म्हणावे आणि गप्प राहून वाट पाहावी. लांबलचक वाक्यांऐवजी एकदोन शब्द वापरावेत. मूल एक शब्द बोलू लागले, की आपण दोन बोलावेत. दिवसाचा क्रम चित्रांनी सांगावा : आंघोळ, जेवण, अंगणवाडी, झोप. ही चित्रे जुन्या पुठ्ठ्यावर कोळशाने काढली तरी चालतात. डाळ आणि तांदूळ वेगळे करणे, लसूण सोलणे, वाट्या एकीत एक बसवणे, बादलीत पाणी भरणे, साडीच्या झोक्यात झुलणे या साऱ्यांत शिक्षण आहे. कुकरची शिट्टी होण्याआधी 'आता आवाज येणार' असे सांगून मुलाला दाराबाहेर नेता येते. मूल नजर चुकवून घराबाहेर पडत असेल, तर त्याच्या सदऱ्यावर दूरध्वनी क्रमांक शिवता येतो आणि तळे, विहीर, रेल्वेरूळ यांबाबत शेजाऱ्यांना आधीच सावध करता येते. महागड्या खेळण्यांनी भरलेली खोली नसल्याने मुलाचे शिक्षण अडत नाही. अडते ते हे सारे वेळेवर सांगणारे कोणी नसल्यामुळे.

येथे भाषेचाही एक मुद्दा आहे. गुम्मिडिपूंडीसारख्या बहुभाषिक गावांतून पालकांना पुष्कळदा सल्ला मिळतो, की मुलाशी घरची भाषा बोलू नका, शाळेचीच एक भाषा बोला. नाहीतर ते आणखी गोंधळेल. जी आई ओडिया किंवा तेलुगू भाषेत गाते, रागावते, लाड करते, तिला मग परक्या भाषेतील मोजके शब्द चाचरत उच्चारावे लागतात. दोन भाषा ऐकल्याने स्वमग्न मुलाच्या भाषाविकासाला बाधा येते, असा पुरावा आजवरच्या अभ्यासांत मिळालेला नाही. ज्या मुलाशी संवादाची वाट आधीच अरुंद आहे, त्याच्यापासून आईची भाषाही काढून घेणे, हा शहाणपणा नव्हे. पुण्यात, पणजीत वा चेन्नईत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हे तितकेच लागू आहे.

असे असले तरी या विचाराला दुसरी बाजू आहे आणि ती दृष्टीआड करणे अन्यायाचे होईल. 'आई हीच पहिली शिक्षिका' हे वाक्य ऐकावयास गोड आहे. परंतु त्याचा अर्थ 'सारे आईनेच करावे' असा होऊ लागला, तर ते वाक्य क्रूर ठरते. पहाटे पाणी भरणारी, दोन वेळचा स्वयंपाक करणारी, कदाचित स्वतःही मजुरीला जाणारी, रात्रीतून तीनदा जागे होणाऱ्या मुलामागे उठणारी स्त्री आणखी किती करणार? मुलासाठी तिने काम सोडले, तर घरातील निम्मी मिळकत जाते. न सोडले, तर 'तिने मुलाकडे लक्ष दिले नाही' हा ठपका ठरलेलाच. गोव्यातील प्रयोगाचा आधार घेऊन उद्या कोणी म्हणू लागेल, की पालकांना शिकवले म्हणजे भागले. आता विशेष शिक्षक नकोत, वाचोपचारतज्ज्ञ नकोत, तालुक्याला केंद्र नको. तसे म्हणणे म्हणजे त्या प्रयोगाचा विपर्यास होय. तेथेही सेविका वेतनावर होती आणि तिच्यामागे तज्ज्ञ उभे होते. घरचे शिक्षण हा व्यवस्थेचा पाया होऊ शकतो. व्यवस्था न उभारण्याची सबब होऊ शकत नाही.

व्यवस्थेची जागा रिकामी राहिली, की ती भरावयास दुसरेच कोणी येते. अंगारे-धुपारे देणारे येतात, तसेच पांढरा कोट घालून 'मूल पूर्ण बरे करतो' म्हणणारेही येतात. लाखो रुपये घेऊन मूलपेशींचे उपचार देणारी केंद्रे आपल्या देशात निघाली. स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या तज्ज्ञांनी २०२२ मध्ये स्पष्ट केले. तोवर किती घरांनी दागिने मोडले असतील, जमिनी गहाण टाकल्या असतील! या पालकांना अडाणी म्हणून हसणे सोपे आहे. परंतु बुडत्याला काडीचा आधार वाटतो, यात दोष बुडत्याचा नसतो. ज्याला काठावरून कोणी दोर टाकला नाही, तो काडीच पकडणार.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट अंगणवाडीची. मूल दीड-दोन वर्षांचे झाले, की ते नावाला प्रतिसाद देते का, बोटाने दाखवते का, लटका खेळ खेळते का, हे तीन प्रश्न प्रत्येक आईला विचारले जावेत आणि उत्तर नकारार्थी आले, तर 'थांबा, बोलेल' असे न सांगता पुढील तपासणीची तारीख तिच्या हाती द्यावी. दुसरी गोष्ट अंतराची. आईला मुट्टुकाडुला बोलावण्याऐवजी मुट्टुकाडुचे ज्ञान गुम्मिडिपूंडीला यावे. तज्ज्ञांनी प्रत्येक मुलाला स्वतः शिकवण्याऐवजी शिकवणाऱ्यांना शिकवावे. तमिळनाडूतीलच आयक्कुडी येथील 'अमर सेवा संगम' ही १९८१ मध्ये स्थापन झालेली संस्था ग्रामीण कार्यकर्त्यांकरवी विकलांग मुलांच्या घरापर्यंत पोहोचते. मुंबईतील 'उम्मीद' हे २००१ पासून काम करणारे बालविकास केंद्रही समाजातील कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देते. वाट अनोळखी नाही. ती रुंद करावयाची आहे.

तिसरी गोष्ट शाळेची. सहा ते अठरा वर्षांपर्यंतचे मोफत शिक्षण हा अशा मुलांचा कायदेशीर हक्क आहे. ती कोणाची कृपा नव्हे. वर्गातील एक शांत कोपरा, आधी सांगितलेला दिनक्रम, एक समजूतदार सोबती आणि मधल्या सुट्टीच्या गोंगाटातून सुटका, एवढ्यानेही पुष्कळ साधते. ज्यांना नेहमीच्या शाळेचा वेग मानवत नाही, त्यांच्यासाठी मुक्त विद्यालयाचे दार आहे. तेथे पाच वर्षांच्या मुदतीत एकेक विषय पूर्ण करता येतो, परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. ज्या विद्यार्थ्याला सर्वांसोबत धावता येत नाही, त्याला आपल्या पावलांनी चालू देणे हीही शिक्षणाची एक थोर रीत आहे.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत अवघड आहे. ती शेजाराची. आठवड्यातून दोन दुपारी शेजारणीने मुलाला आपल्या ओट्यावर बसवून घेतले, तर आईला दोन तासांची झोप मिळते. बापाने संध्याकाळचा अर्धा तास मुलासोबत खेळण्यासाठी राखला, तर घरात शिक्षकांची संख्या दुप्पट होते. किराणा दुकानदाराने मूल बोटाने दाखवीपर्यंत क्षणभर थांबावे, बसवाहकाने किंचाळणाऱ्या मुलाच्या आईवर डोळे वटारू नयेत, लग्नकार्यात अशा कुटुंबाला बोलावणे धाडताना 'मुलालाही आणा' असे आवर्जून म्हणावे. यांपैकी एकाही गोष्टीला शासकीय मंजुरी लागत नाही. 'गाव करील ते राव काय करील' असे आपल्या पूर्वजांनी म्हणून ठेवले आहे. राव म्हणजे शासन. त्याने आपले काम केलेच पाहिजे. परंतु मुलाकडे पाहणारी नजर बदलण्याचे काम कोणत्याही रावाला जमणारे नाही. ते गावानेच करावयाचे आहे.

स्वमग्न मुलाच्या आईवडिलांना एक प्रश्न रात्री झोपू देत नाही : 'आमच्यामागे याचे काय होणार?' श्रीमंत घरी या प्रश्नाला पैशाचे उत्तर देण्याचा प्रयत्न तरी होतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराजवळ ते उत्तर नसते. कायद्याने पालकत्वाची तरतूद केली आहे, काही संस्थांनी निवासगृहे चालवली आहेत. तथापि गरजेच्या मानाने ती फार थोडी आहेत. खरे उत्तर त्या मुलाच्या बालपणातच तयार होत असते. जे मूल गावात वावरले, ज्याला दुकानदार नावाने ओळखतो, ज्याच्यासोबत दहा मुले वाढली, ज्याला स्वतःचे कपडे घालता येतात आणि एखादे काम नीट करता येते, ते आईवडिलांमागे अगदीच पोरके होत नाही. जे मूल दाराआड वाढले, ते आईवडील असतानाही एकटेच असते.

दरवर्षी २ एप्रिल हा दिवस जगभर स्वमग्नता जागृती दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मोठ्या शहरांतील इमारतींवर निळे दिवे लागतात. दिवे लागावेत; त्यांना कोणाची हरकत नाही. परंतु गुम्मिडिपूंडीला रात्रपाळीचा भोंगा होतो, तेव्हा एका खोलीत कानांवर हात ठेवून बसलेल्या मुलाला निळा दिवा दिसत नाही. त्याला हवी असते, आपल्याशेजारी न बोलता बसणारी, झाकण फिरवणारी, वाट पाहणारी एखादी व्यक्ती. आज ती व्यक्ती म्हणजे त्याची आई आहे आणि ती थकली आहे. तिच्याजवळ आणखी कोणी बसावयाचे की नाही, हे आपल्याला ठरवावयाचे आहे.

स्वाध्याय

१. 'संस्था असूनही तिच्यापर्यंत पोहोचता न येणे, हाही तुटवडाच होय', हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

२. 'स्वमग्नता' हा शब्द सुंदर असूनही फसवा आहे, असे लेखात का म्हटले आहे?

३. गोव्यातील प्रयोगातून कोणती गोष्ट सिद्ध झाली? त्याच्या कोणत्या मर्यादा पाठात सांगितल्या आहेत?

४. 'आई हीच पहिली शिक्षिका' हे वाक्य केव्हा क्रूर ठरते? तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.

५. तुमच्या गावातील अंगणवाडी, शाळा, दुकान आणि बसथांबा येथे स्वमग्न मुलासाठी कोणकोणते बदल करता येतील, याविषयी परिसरातील व्यक्तींशी चर्चा करून टिपण तयार करा.